खर्जासाठी एक खोली

प्रति,
मा. आयुक्त,
पिंपरी-चिंचवड महानगरपालिका, पिंपरी.

विषय : पन्नास माणसं मावतील अशा एका खोलीबाबत.



आपल्या टेबलावर रोज खड्ड्यांची, पाण्याची, कचऱ्याची आणि भटक्या कुत्र्यांची पत्रं येत असणार. हे पत्र त्या ढिगाच्या तळाशी गेलं तरी मला वाईट वाटणार नाही. तळाशी राहायची मला सवय आहे. मी बेस गिटार वाजवतो.

पोटापाण्यासाठी चाकणच्या एका कारखान्यात प्रेस शॉपच्या मेंटेनन्सला आहे. मोटारींना लागणारे पत्र्याचे भाग आमच्याकडे ठोकून निघतात. राहतो भोसरीत. महिन्यातून एकदा, फार तर दोनदा, वाकड, पिंपळे सौदागर, रावेत नाहीतर तळेगाव रस्त्यावरच्या एखाद्या हॉटेलात आम्ही चौघं वाजवतो. गायिका कॉलेजात शिकवते, गिटारवाला हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, ड्रमर बँकेत. यावर आमच्यापैकी कोणाचंही घर चालत नाही. खरं सांगायचं तर घराचेच थोडे पैसे यात जातात.

बेस म्हणजे काय, हे सांगण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. नाशिक फाट्याला रात्री हवालदार गाडी थांबवतात. पाठीवरच्या बॅगेतून चार फुटी वाद्याची मान डोक्याच्या वर आलेली असते. "काय आहे?" "बेस." "म्हणजे गिटारच ना?" "हो साहेब, गिटारच." रात्री पावणेबाराला खर्जावर व्याख्यान कोण देणार? पण आपल्याला सांगतो. तबल्यात डग्गा असतो ना, तसा हा. बोटं नाचताना दिसतात ती तबल्यावरची, आणि लोक वाहवा देतात तीही त्यांनाच. डग्गा काढून घ्या, मग तोच तबला पाट्यावर चमचा आपटल्यासारखा वाजतो. बेसला चार तारा. सगळ्यांत जाड तार सेकंदाला ४१ वेळा थरथरते, सगळ्यांत बारीक ९८ वेळा. आमच्या कारखान्याबाहेरचा ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झला गुणगुणतो. तेव्हा माझ्या बारीक तारेचा सूर मी रोज गेटवरच ऐकतो, किंचित चढलेला.

आता गिग कशी असते ते.

गेल्या पावसाळ्यातला वाकडचा एक पब घ्या. स्टेज म्हणून काही नव्हतं. दोन टेबलं भिंतीला सारून जागा केली होती. माझ्या वाट्याला नेहमीप्रमाणे स्वच्छतागृहाच्या दारालगतचा कोपरा. दार उघडलं की ते बेसच्या मानेला लागणार, म्हणून दर वेळी मी अर्धं पाऊल डावीकडे सरकायचो, आणि पाचव्या गाण्यापर्यंत ते सरकणं तालात बसलं होतं. बेसचा ॲम्प्लिफायर नाही. वायर डीआय बॉक्स नावाच्या डबीतून सरळ मिक्सरला. खांबावर दोन स्पीकर, बारा इंची, खालच्या स्वरांसाठीचा सबवूफर नाही. अशा स्पीकरमधून माझी जाड तार येतच नाही. येतात ते तिचे वरचे स्वर, आणि ऐकणाऱ्याचा मेंदू त्यावरून खालचा स्वर मनातल्या मनात भरून घेतो. म्हणजे अर्धं काम मी करतो आणि उरलेलं गिऱ्हाईक करतं, बिल मात्र त्यालाच. समोरच्या पडद्यावर क्रिकेटचा सामना, आवाज बंद. चौकार बसला की टाळ्या पडायच्या आणि आमची गायिका सवयीने मान लववायची.

दुसऱ्या गाण्यात माझा आवाज आधी खरखरला, मग गेला. वायर बदलली, चॅनेल बदलला, काही नाही. मग लक्षात आलं. माझा बेस ॲक्टिव्ह आहे, त्याच्या पोटात नऊ व्होल्टची बॅटरी असते आणि जॅक खोचलेला राहिला की ती गळत राहते. दुपारी घरी तपासून बघितल्यावर मी जॅक तसाच ठेवला होता. चूक सर्वस्वी माझी. पबात नऊ व्होल्टची बॅटरी कुठून मिळणार? बॅगेत हात घातला तर कामावरचा मल्टिमीटर लागला, जो पाळी संपल्यावर मी लॉकरला ठेवायला विसरलो होतो. त्यातही नेमकी तीच चौकोनी बॅटरी. मागचा स्क्रू काढायला बटर लावायची सुरी, उजेडाला शेजारच्या टेबलावरच्या एका मुलाचा मोबाइल. तोवर उरलेल्या तिघांनी दोन गाणी माझ्याशिवाय ओढली. कोणी ब्र काढला नाही. बेस नाही हे ड्रमर सोडला तर एकाच्याही लक्षात आलेलं नव्हतं. त्यापुढच्या गाण्यात मी परत आत शिरलो तेव्हा कोपऱ्यातल्या एका गृहस्थांनी वर छताकडे पाहिलं. लाइट गेल्यावर बंद पडलेला पंखा पुन्हा सुरू झाला की माणूस पाहतो ना, तसं.

बेसवाल्याला मिळणारी दाद ही एवढीच. मला ती पुरते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला प्रेसचा लिमिट स्विच तपासायला मीटर काढला, तर तो बंद. बॅटरी बेसमध्येच राहिली होती. सुपरवायझरला काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.

त्या रात्री चौघांना मिळून पाच हजार मिळाले, जेवण वेगळं. हिशेब करताना मॅनेजर म्हणाला, "पुढच्या वेळी दोघंच या ना. मॅडम आणि गिटार. बेस नसला तर चालतं की." वाईट हेतूने नाही म्हणाला. त्याच्या जागेत ड्रम मावत नाहीत, आवाज वाढला की वरच्या मजल्यावरून फोन येतो आणि चौघांऐवजी दोघांना दिले की तीन हजारांत भागतं. छोट्या पबांतून 'अनप्लग्ड'चं जे पेव फुटलंय त्यात कलेचा वाटा किती आणि काटकसरीचा किती, हे त्यालाही ठाऊक आहे. कात्री आली की पहिला जातो बेसवाला, मग ड्रमवाला. राहिलेले दोघं उंच स्टुलांवर बसून जुनी हिंदी गाणी संथ करून गातात.

आणखी एक गंमत सांगतो, वीजखात्याला वाईट वाटू नये. बऱ्याच जागी अर्थिंगची बोंब असते. प्लग लावला की स्पीकरमधून घूं सुरू होतं. आपली वीज ५० हर्ट्झची. माझ्या जाड तारेवरच्या तिसऱ्या फ्रेटचा स्वर ४९ हर्ट्झचा. म्हणजे त्या पट्टीतलं गाणं असलं की महावितरण आमच्याबरोबर साथीला बसतं, किंचित बेसूर. चाकणच्या एका हॉटेलात हा घूं इतका होता की आम्ही गाण्याची पट्टीच बदलली. त्याच रात्री एक जर्मन पाहुणे, कुठल्या तरी मोठ्या कंपनीत ऑडिटला आलेले असावेत, दोन सेटच्या मध्ये थेट माझ्याकडे चालत आले. मला वाटलं, आला एकदाचा जाणकार. त्यांनी स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं.

इथवर जे लिहिलं ते तक्रारवजा झालं असेल तर माफ करा. माझी तक्रार पबवाल्यांविरुद्ध नाही. त्यांनी दार उघडलं म्हणून आम्ही चार वर्षं लोकांसमोर वाजवू शकलो. आणि जे तक्रार करतात, ते शेजारी, त्यांच्याविषयी तर मला अगदी उलटंच सांगायचं आहे.

पिंपळे सौदागरच्या एका पबात वाजवत होतो. खाली दुकानं, पहिल्या मजल्यावर पब, वर राहती घरं. रात्रीचे पावणेदहा. एक काका बनियन-पायजम्यावर जिना उतरून आले. भांडायला आले नव्हते, थकलेले दिसत होते. म्हणाले, "गाणं ऐकू येत नाही हो. गाणं आलं असतं तर चाललं असतं. नुसतं धप-धप येतं, इथं." आणि छातीवर हात ठेवला. मग दोन पोलीसही आले, नीट बोलले. त्यांच्या आवाज मोजायच्या मीटरवरचा आकडा मर्यादेच्या आसपासच होता. काकांना त्या आकड्याकडे बोट दाखवून समजावण्याचा प्रयत्न झाला. मी गिटारवाल्याच्या मागे उभा होतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण काका सांगत होते ते शब्दशः खरं होतं आणि ते धप-धप माझं होतं.

यातलं तंत्र मला माझ्या दोन्ही कामांमुळे थोडं कळतं. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात, व्यापारी भागाला ६५ आणि ५५. पण हे डेसिबल 'ए' मोजपट्टीवरचे. हलका आवाज माणसाच्या कानाला जसा ऐकू येतो त्या हिशेबाने ती पट्टी बेतलेली आहे, आणि हलका खर्ज कानाला फार कमी ऐकू येतो. म्हणून मीटर खालच्या स्वरांना मोठी सूट देतो. माझ्या जाड तारेच्या मूळ स्वराला ही सूट ३४ डेसिबलच्या आसपास पडते. भाजीवाल्याने किलोमागे जवळजवळ अख्खा किलोच सोडून द्यावा, तसं हे. 'सी' नावाची दुसरी मोजपट्टी आहे. ती खालचे स्वर जवळजवळ पुरते मोजते. नियमांत ती नाही. मग मीटर सांगतो सगळं ठीक आहे आणि काकांच्या कपाटातले पेले थरथरत असतात.

दुसरी गोष्ट भिंतीची. जाड तारेच्या स्वराची एक लाट हवेत आठ मीटरहून लांब असते. वाकडचा तो अख्खा पब तेवढा असेल. गायिकेचा आवाज पडद्यात, गाद्यांत, माणसांच्या कपड्यांत मुरतो. खर्ज मुरत नाही, तो भिंतीलाच हलवतो आणि पलीकडे जातो. कोपऱ्यात उभं केलं की तो आणखी फुगतो, आणि आम्हाला तर कायम कोपराच मिळतो. काही जागांनी भिंतींना अंड्यांचे ट्रे आणि फोमचे तुकडे चिकटवलेत. त्याने खोलीतला घुमारा जरा कमी होतो, शेजाऱ्याला काडीचा फरक पडत नाही. खर्ज अडवायला वजन लागतं, दोन भिंतींच्या मध्ये हवेची फट लागते आणि जमिनीपासून सुटी केलेली फरशी लागते.

हे आमच्या कारखान्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मोठा प्रेस बसवताना त्याच्या पायाखाली रबराचे जाड पॅड घालतात, नाहीतर एकेका ठोक्याला शेजारच्या शेडमधलं मोजमापाचं यंत्र चुकायला लागतं. प्रेस चुकीचा आहे असं तेव्हा कोणी म्हणत नाही, आणि शेजारच्या शेडवाल्यालाही कोणी नाजूक म्हणत नाही. पॅड घाला, म्हणतात. भंगारात निघालेले असे चार पॅड मी रीतसर पावती करून घेतलेत. माझा जुना ॲम्प घरी त्यावर असतो. खालच्या मजल्यावरच्या वहिनींची तक्रार त्या दिवसापासून थांबली, तरी कुकरच्या शिट्टीवरून आमचं अजून पटत नाही.

आयुक्त साहेब, आपल्या शहराला मोठा आवाज नवीन नाही, खालचा तर नाहीच. एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. आजही इंद्रायणीकाठच्या गल्ल्यांतून हिंडलं की मुलं पखवाज घेऊन बसलेली दिसतात. पखवाजाच्या डाव्या तोंडाला, धुमेला, भिजवलेली कणीक थापतात. कणकेच्या वजनाने कातडं जड होतं आणि आवाज खाली उतरतो. थोडी जास्त झाली तर बसका, थोडी कमी झाली तर पोकळ. दहाबारा वर्षांचा मुलगा ओल्या बोटाने एक चिमूट काढतो, थाप मारतो, कान लावतो, पुन्हा चिमूटभर लावतो. मी एकदा गाडी लावून अर्धा तास ते पाहत उभा राहिलो होतो. माझ्या बेसला सुराला लावायचं चिमटीएवढं यंत्र आहे, तरी मला त्याच्याइतकी सबुरी नाही.

तो मुलगा कुठे वाजवणार हे त्याला माहीत आहे. देवळाचा सभामंडप आहे, सप्ताह आहे, दिंडी आहे. तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला येते तेव्हा अख्खं शहर त्याचा श्रोता असतं. कारखान्यांतल्या भजनी मंडळांना कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धा आहेत. नाटकवाल्यांना चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आहे, संत तुकारामनगरचं अत्रे रंगमंदिर, भोसरीचं लांडगे नाट्यगृह, पिंपळे गुरवचं निळू फुले रंगमंदिर. शास्त्रीय गाण्याला स्वरसागर महोत्सव आहे. ही नाट्यगृहं आणि हा महोत्सव पालिकेने केला, १९७० सालच्या नगरपालिकेपासून आजपर्यंतच्या या कारखान्यांच्या गावाने केला, आणि मला त्याचा अभिमान आहे. माझे वडील हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते. गणपतीत कॉलनीच्या मैदानावर ऑर्केस्ट्रा यायचा तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर बसून पहिल्यांदा बेस पाहिला. मागे, ड्रमच्या बाजूला, तोंडात पान घालून एक माणूस उभा होता आणि सबंध रात्रीत त्याच्यावर एकदाही लाइट पडला नाही. पुढे ऑर्केस्ट्रात कीबोर्ड आला आणि त्याच्या डाव्या हाताने त्या माणसाचं काम घेतलं.

आमच्यासारख्या, विजेवर चालणारी वाद्यं घेऊन चारजणांनी मिळून वाजवणाऱ्यांना, या शहरात पब सोडून जागा नाही. मोठं नाट्यगृह भाड्याने घेऊन चाळीस माणसांसमोर वाजवणं म्हणजे दोन माणसांच्या जेवणाला मंगल कार्यालय घेणं. तालमीचंही तेच. भोसरीत एका मित्राची छोटी शेड आहे, गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी म्हणून रिकामी. आम्ही खुशीत ड्रम नेऊन ठेवले. मग कळलं की देखभालीसाठी वीज बंद ठेवायचाही वार बहुतेक गुरुवारच. तीन गुरुवार आम्ही काळोखात बसून ताल तोंडाने म्हटला.

म्हणून आम्ही दारूच्या आश्रयाला गेलो. मला दारूचं सोवळं नाही, गिगनंतर एक बिअर मीही घेतो. पण आपल्या राज्यात बिअरला २१ वर्षं पूर्ण लागतात आणि कडक दारूला २५. आमच्या गल्लीतली एक सतरा वर्षांची मुलगी माझ्याकडे बेस शिकायला येते. उजव्या हाताची दोन बोटं अशी चालतात की मी शिकवायचं सोडून बघत बसतो. तिला मी चार वर्षं वाजवलेल्या एकाही जागी उभं करू शकत नाही. तिच्या आईला मी काय सांगू? मुंबईच्या मोहिनी डेने लहान वयातच झाकिर हुसेन, ए. आर. रहमान यांच्याबरोबर बेस वाजवला हे तिला पाठ आहे. पण मोहिनीचे वडील स्वतः बेस वाजवणारे. घरीच खोली होती.

हे असं असायलाच हवं असं नाही. मुंबईत लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात २००७ साली 'ब्लू फ्रॉग' सुरू झालं आणि गिरणीच्या जागेत नऊ वर्षं देशोदेशीचे बँड वाजले, २०१६ साली बंद पडलं. तिथेही दारू होतीच, पण ती जागा आधी संगीतासाठी बांधलेली होती. पुण्यात २०१० पासून 'एनएच-७ वीकेंडर' भरायला लागला. ते सगळं नदीपलीकडचं, आणि मोठ्यांचं. फार मागे जायचं तर मुंबईच्या सिनेसंगीताचा पाया गोव्याच्या वादकांनी घातला, त्यातले कित्येकजण रात्री हॉटेलांत वाजवायचे आणि दिवसा रेकॉर्डिंगला बसायचे. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यातले बेसवादक टोनी वाझ. त्यांचं वाजवणं भारतातल्या प्रत्येक रिक्षात ऐकू आलंय आणि नाव दहा जणांना ठाऊक नसेल.

पण मला सारखं आठवतं ते बर्मिंगहॅम. इंग्लंडमधलं मोटारींचं आणि पत्र्याचं गाव, आपल्यासारखंच. तिथे टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. एके दिवशी त्याला सवय नसलेल्या प्रेसवर उभं केलं आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो कामाचा शेवटचा दिवस होता. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. आमच्याकडे प्रेसला दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची बटणं असतात, हात आत राहूच नये म्हणून. ती रोज तपासणं माझं काम, आणि तपासताना हा पोरगा डोळ्यांसमोर येतो. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, पुढे तारा सैल केल्या, त्यामुळे सूर खाली आला, बेसवाला गीझर बटलरही त्याच्याबरोबर खाली उतरला, आणि त्यांच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा तो जड, जमिनीतून आल्यासारखा आवाज जगभर गेला. सुरुवातीला ते वाजवायचे स्टेशन स्ट्रीटवरच्या क्राउन नावाच्या पबाच्या वरच्या खोलीत. २०२५ च्या जुलैत त्यांचा निरोपाचा कार्यक्रम बर्मिंगहॅमच्याच फुटबॉलच्या मैदानात झाला. मी तो रात्री मोबाइलवर तुकड्या-तुकड्यांत पाहिला, सकाळी सातला पाळी असताना.

आमच्यातून कोणी आयोमी निघेल असं मी म्हणत नाही. आम्ही बऱ्यापैकी वाजवतो, इतकंच. कधी कधी तर तेवढंही नाही.

मागणी साधी आहे. पालिकेच्या ताब्यातलं एखादं दालन द्या. नाट्यगृहाच्या इमारतीतलं वापरात नसलेलं, नाहीतर मंडईवरचा रिकामा गाळा, नाहीतर एमआयडीसीला लागून असलेली एखादी बंद शेड. शेडच उत्तम, रात्री तिथे झोपमोड व्हायला कोणी नसतं. शाळेचा हॉल नको, शंभर मीटरचं शांतता क्षेत्र आडवं येऊ शकतं. पन्नास माणसं बसतील एवढं पुरे. आठवड्यातून दोन संध्याकाळी, सहा ते पावणेदहा. नियमांत रात्री दहानंतरही बंदिस्त सभागृहाला सवलत आहे, पण आम्हाला ती नको. सगळ्यांना दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं, आणि चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी संगीतप्रेमी नाही. दारू नको, म्हणजे माझी विद्यार्थिनी येऊ शकेल आणि तिची आईही. तिकीट पन्नास रुपये ठेवा, पालिकेला द्या. ड्रमचा एक संच, बेसचा एक ॲम्प, नीट अर्थिंग केलेले सहा प्लग. फरशी सुटी करायची आणि भिंतीत फट ठेवायची. याला लागणारे फिटर, वेल्डर, आवाज आणि थरथर मोजणारी माणसं या पट्ट्यात रस्त्यारस्त्यावर आहेत. रविवारी यायला तयार असलेले पाचसहा तर माझ्याच ओळखीचे.

आणि खोली झाली की पहिल्या दिवशी मीटर 'सी' वर लावून बाहेर उभं राहायला त्या काकांना बोलवू. मी जाड तार वाजवत राहीन. काकांनी नाही म्हटलं तर आणखी एक थर.

पॅडचा खर्च धरू नका. चार माझ्याकडे आहेत.

आपला,
भोसरीचा एक बेसवाला